दहा वाजून दहा

पुढचे पाय फेंगडे, पंजे बाहेर वळलेले,
घड्याळात दहा वाजून दहा व्हावेत तसे.
ही खोड नाही, खूण आहे, मिस रॉड्रिक सांगायच्या,
पंजा सरळ पडला तर समज, रक्तात कुणीतरी शिरलं.

खलाशी लाईनीत त्यांचं कौलारू घर.
मी पशुदवाखान्यात ड्रेसर,
गुरुवारी सायकलवर जायचो
गोचिड्या काढायला, कान बघायला,
आणि पुढेपुढे वही लिहायला,
कारण त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता.

वहीत आधी हकीकत, मग वंश.
आयर्लंड, विकलो परगणा, इमाल नावाची दरी.
कुठल्याशा राणीसाठी लढायला आलेले परके शिपाई,
पगाराच्या बदल्यात मिळालेली खडकाळ जमीन,
आणि त्यांचे बुटके कुत्रे
तिथल्या शिकारी कुत्र्यांत मिसळलेले.
म्हणजे पहिल्याच पानावर सरमिसळ.
हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं.

फुकट खाणारं कुणालाच परवडत नसे त्या दरीत.
कुत्र्याने बिळात शिरून बिज्जूला तोंड द्यायचं,
आणि म्हणे चुलीशेजारच्या चाकात चालायचं,
चाक फिरे, सळईवरचं मांस खरपूस होई,
कुत्र्याच्या वाट्याला वास.
तो 'म्हणे' मात्र खोडू नको, बाई म्हणाल्या.

परीक्षा असायची. बिळात भुंकला की नापास.

चौतीस साली डब्लिनात जातीचं नाव लागलं.
मग कधीतरी कामठीच्या एका फादरने जोडी मागवली,
बोटीने मुंबई, तिथून मेलच्या गार्डाच्या डब्यात.
गार्ड म्हणजे रॉड्रिकबाईंचे वडील.
मे लागला, फादर उटीला गेले ते गेलेच,
जोडी राहिली.

नागपूरचा मे, आणि अंगावर दुहेरी केसांचा कोट!
वाळ्याच्या ताट्या, ओली पोती,
मोरीच्या फरशीला पोट लावून पडलेली
अख्खी वंशावळ.

नर आणायचा कुठून?
कलकत्त्याचा एक होता, तो मेला.
मद्रासचा निघाला भलत्याच जातीचा.
मग काका-पुतणी, मग आजा-नात.
आमच्यात मामाची मुलगी चालते, मी म्हटलं.
त्या हसल्या नाहीत.
चौथ्या वेताची पिल्लं मोठी झाली
आणि दिवेलागणीला खुर्च्यांना धडकू लागली.
सेमिनरी हिल्सच्या कॉलेजातून डॉक्टर आणले.
टॉर्च मारून ते म्हणाले, पडदाच जातोय,
आता वीण म्हणजे काळोख पेरणं.

नोरा माजावर आली. शेवटची मादी.
नर एकच, तिचा सख्खा भाऊ, भिंत चाचपत चालणारा.
दोन दिवस बाईंनी तिला खोलीत कोंडलं.
तिसऱ्या दिवशी उठून
मागचं फाटक उघडलं.

पाच पिल्लं. मी लिहिलं, बाप अज्ञात.
खोड, त्या म्हणाल्या, मी बघितलाय त्याला,
तांबडा, एक कान अर्धा.
लिही, राहणार गड्डीगोदाम.

त्याच साली माझी बहीण, वेणू,
आपल्या मनाने लग्न करून बल्लारशाला गेली होती.
आमच्याही घरी एक कागद होता,
भाटाकडून उतरवलेला, वर सात पिढ्या,
आणि वेणूच्या नावावर बापाने फिरवलेली शाई.
मी पेन घरी आणलं.
शाईच्या बाजूला जागा होती थोडी.
जावयाचं नाव नीटसं माहीत नव्हतं,
म्हणून फक्त लिहिलं, राहणार बल्लारशा.

आता तिथे वरून मेट्रो जाते.
परवा तर्री पोहे खात उभा होतो,
खांबाआडून एक तांबडं कुत्रं आलं,
बुटकं, पंजे दहा वाजून दहा.
चाळीस वर्षांत किती पिढ्या सरल्या असतील,
असल्या खुणेला कुणी पुरावा म्हणत नाही.
अंधारून आलं होतं.
दोन स्कूटर आणि एक नाली चुकवून
ते नेमकं माझ्याकडे आलं, वर बघितलं.
पोहे खाल्ले नाहीत त्याने.
शेव तेवढी वेचली.